कासार आंबोलीच्या लष्करी टेलिफोनची प्रगती

लांबच्या माणसाशी बोलता यावे, ही मानवजातीची फार जुनी इच्छा आहे. जवळच्या माणसाचे ऐकून घ्यावे, अशी इच्छा मात्र मानवजातीने अद्याप कोठेही लेखी नोंदवलेली नाही. त्यामुळे टेलिफोनचा शोध लागला यात नवल नाही, आणि सर्वांत दणकट टेलिफोन लष्कराने बनवला यातही नवल नाही. इतर लोक टेलिफोनवर बोलतात. लष्करात टेलिफोनवर सांगतात.

या शास्त्राने मुळशी भागात १९५२ पासून पुढे बारा वर्षांत जी झेप घेतली, तिचा एकमेव साक्षीदार म्हणजे कासार आंबोलीचा कुशाबा. कुशाबा दुसऱ्या महायुद्धात सिग्नल पलटणीत लाइनमन होता. ब्रह्मदेशच्या जंगलात पाठीवर तारेचे रीळ घेऊन तो तीन वर्षे चिखलातून सरपटला. परत आला तो नाईकाचा हुद्दा, एक बिल्ला आणि एक खोड घेऊन: कोठेही तार दिसली की ती कोठून कोठे जाते हे पाहिल्याशिवाय त्याचा पाय पुढे पडत नसे. यापायी तो एकदा पुण्यात लग्नाला गेला असता मांडवाच्या दिव्यांच्या माळेमागे चालत थेट शेजारच्या लग्नात जाऊन जेवून आला होता.

अशा माणसाच्या गुणांचे चीज व्हावे म्हणूनच की काय, १९५२ साली ‘डोंगरी दक्षता मंडळ’ स्थापन झाले. मंडळाचा हेतू स्पष्ट होता. शत्रू समुद्रमार्गे कोकणात उतरला आणि घाट चढून पुण्यावर चालून येऊ लागला, तर तो सर्वांआधी मुळशीच्या लोकांना दिसावा. (शत्रू घाटच कशाला चढेल, अशी शंका पहिल्या सभेत एका सभासदाने काढली. ती त्याची शेवटची सभा ठरली.) लष्कराने जुने म्हणून बाजूला काढलेले दोन रणटेलिफोन मंडळाला मिळाले. एक पौडच्या केंद्रावर बसवला, दुसरा कासार आंबोली ठाण्यावर. ठाणे म्हणजे कुशाबाच्या घराची पडवी. मधली तार कुशाबाने स्वतः बाभळी, आंबे आणि एका पडक्या देवळाचा कळस यांच्यावरून ओढली.

पहिला टेलिफोन लाकडी पेटीत होता, पेटीला चामड्याची पिशवी होती आणि सगळा ऐवज उचलायला चांगला जवान लागे. त्याची कार्यपद्धती अगदीच मागासलेली होती. दांडा गरागरा फिरवायचा, पौडला घंटी वाजायची, तिकडे भिवाजी नावाचा मंडळाचा कारकून रिसीव्हर उचलून ‘बोला’ म्हणायचा, मग बोलायचे. बस. ना पुस्तिका, ना अर्ज. दुपारची एसटी निघाली का, रेशनला साखर आली का, बैल भूगावच्या बाजूला सुटलाय तर कोणी पाहिला का, पौडच्या मावशीची तब्येत कशी आहे, असले काहीही लोक विचारत, आणि भिवाजी खिडकीतून डोके काढून चौकशी करून उत्तर देई. पाच वर्षांत या तारेवरून अकराशे चाळीस संदेश गेले. त्यांपैकी शत्रूविषयक: शून्य.

हा आकडा मंडळाच्या पुण्यातील मुख्यालयात पोचला तेव्हा तेथे चिंता पसरली. यंत्राचा वापर होत आहे, ही गोष्ट प्रथमच उघडकीस आली होती.

म्हणून १९५७ साली दुसरा टेलिफोन आला. हा पत्र्याच्या पेटीतला, निम्म्या वजनाचा. सोबत बेचाळीस पानांची सूचनापुस्तिका. त्यानुसार ‘हॅलो’ म्हणण्यास, नाव घेण्यास आणि ख्यालीखुशाली विचारण्यास बंदी झाली. पौडला ‘गरुड’ म्हणायचे, आंबोलीला ‘घार’. प्रत्येक संदेश दोनदा सांगायचा, तिसऱ्यांदा ऐकायचा आणि वहीत उतरवायचा. पुस्तिका, वही, दौत, टाक आणि त्यांची लाकडी पेटी यांचे वजन नव्या यंत्रात वाचलेल्या वजनाइतकेच भरले. (विश्वातील वस्तुमान नष्ट होत नाही, हे शास्त्र मंडळाने असे नकळत सिद्ध केले.) तारेवर बायका लुगडी वाळत घालतात, तेव्हा आवाज ओला येतो, ही कुशाबाची तक्रार मात्र पुस्तिकेत उल्लेख नसल्याने नामंजूर झाली.

कुशाबाला नवीन यंत्र फार आवडले. तो बेचाळीस पाने एका पावसाळ्यात पाठ करून बसला. गावातले लोक मात्र ‘घार बोलतेय’ म्हणायला लाजत, आणि मावशीची तब्येत दोनदा विचारून तिसऱ्यांदा ऐकावी लागत असल्याने ती आहे तशी सोडून देत. संदेश दोनशे बारावर आले. ही प्रगती होती. पण पुरेशी नव्हती.

पुढे बासष्ट साल उजाडले आणि सरले. चीनने उत्तरेला जे केले त्याने देश हादरला, आणि देश हादरला म्हटल्यावर डोंगरी दक्षता मंडळही हादरले. घाटाकडे तोंड करून दहा वर्षे बसलेल्या मंडळाला शत्रू दुसऱ्याच बाजूने आल्याचे वाईट वाटले असावे. त्रेसष्टच्या वैशाखात तिसरा टेलिफोन आला. त्याच्यासोबत आले मंडळाचे नवे मानद दक्षताप्रमुख हैबतराव.

हैबतराव भूगावचे मोठे बागाईतदार. सकाळी उठल्यापासून खाकी टोपी घालत, आणि तिचा अभिमान इतका की देवाला नमस्कार न करता सलाम करत. बोलत ते छापील मराठीत. त्यांनी पडवीत नारळ फोडून यंत्राचे उद्घाटन केले. नारळाचे पाणी यंत्रावर सांडले, त्यावर ते म्हणाले, “सदर यंत्र जलाभेद्य असल्याने हरकत नाही.” यंत्र गर्द हिरव्या रंगाचे होते, दांडा आणि रिसीव्हर तेवढे बाहेर ठेवून झाकण मोहोरबंद केले होते, आणि झाकणाची किल्ली पौडला होती. बरोबर बारा रकान्यांच्या छापील अर्जांचा गठ्ठा होता. यापुढे या तारेवरून फक्त शत्रूविषयक संदेश जाईल, तोही अर्जातल्या रकान्यांच्या क्रमाने. इतर संदेश देणाऱ्यावर राष्ट्रीय साधनाच्या दुरुपयोगाची कारवाई होईल.

कुशाबाने दोन्ही टाचा जुळवल्या. त्याला भरून आले होते. बारा रकाने! ब्रह्मदेशात इतके रकाने असते तर युद्ध वर्षभर आधी संपले असते, असे तो रात्री जेवताना बायकोला, रंभाबाईला म्हणाला.

रंभाबाईने भाकरी थापता थापता विचारले, “मंग आता ह्याच्यावर बोलायचं काय?”

“शत्रू आला की बोलायचं.”

“आन न्हाई आला तर?”

“तर गप ऱ्हायचं.”

“त्ये तर आमी लगीन झाल्यापास्नं करतोय,” रंभाबाई म्हणाली. “त्येला यंत्र कशाला?”

कुशाबाने ताटातली भाकरी मोडली. बायकांना शास्त्र समजावून सांगणे पुस्तिकेत नव्हते.

पुढच्या सहा महिन्यांतले संदेश: शून्य. मुख्यालयाने ‘संपूर्ण यश’ असा शेरा मारला. रोज सकाळी कुशाबा यंत्र पुसे, तारेवरची लुगडी उतरवायला लावी आणि घाटाकडे बघत बसे.

भातकापणी झाली की धनगर सावळा आणि त्याची बायको तानूबाई मेंढरे घेऊन आंबोलीच्या शिवारात उतरत. खाचरांतून मेंढरे बसवायची, शेतकऱ्याला खत, त्यांना दाणे, हा दर वर्षाचा रिवाज. त्या सकाळी तानूबाई मेंढरांच्या जाळीला टेकू द्यायला दगड उचलत होती. तिसरा दगड उचलला आणि अंगठ्याच्या खाली काट्यासारखे काहीतरी टोचले. दगडाखाली दीड वीत फुरसे अंगाच्या कड्यांनी खरखर आवाज करत वळवळत होते. सावळाने काठीने ते जागच्या जागी ठेचले, बायकोला खांद्यावर टाकले आणि ओढा ओलांडून कुशाबाच्या पडवीत आणून टेकवले. दुसरीकडे कोठे नेण्याचा विचारच त्याच्या मनात आला नाही. दहा वर्षे त्याने ऐकले होते, की कुशाबाच्या पडवीतून पौडला बोलता येते, आणि पौडला डॉक्टर आहे.

“फुरसं हाय,” सावळा एवढेच म्हणाला.

कुशाबाने हात पाहिला. मनगटापर्यंत सूज चढली होती. फुरशाचे विष झटकन मारत नाही. ते रक्त पातळ करत माणसाला सावकाश पोखरते, हे त्याने पूर्वी पाहिले होते. सकाळची एसटी गेली होती, दुसरी संध्याकाळी. बैलगाडीने पाच मैल म्हणजे खडखडत तीन तास. पौडच्या दवाखान्यात विषावरची लस होती. पण डॉक्टरजवळ सायकल होती आणि तिचे पुढचे चाक गेले दोन महिने पुण्यात होते. जीप फक्त मंडळाकडे होती.

“हात खाली ठिवा, हलवू नगा,” कुशाबा म्हणाला. रंभाबाईने तानूबाईचे डोके मांडीवर घेतले. कुशाबाने जन्मात प्रथमच पुस्तिका बाजूला सारून दांडा फिरवला.

“गरुड,” तिकडून भिवाजीचा आवाज आला. अकरा वर्षे ऐकलेला आवाज, पण आता त्याला पंख होते.

“भिवाजी, मी कुशाबा. हितं धनगराच्या बाईला फुरसं चावलंय. डाक्टरला जीपमदी घालून पाठवा. बिगीनं.”

तिकडे अर्जांचा गठ्ठा सरकवल्याचा आवाज आला.

“कुशाबा,” भिवाजी हळू आवाजात म्हणाला, “ही तार फक्त शत्रूसाठी हाय. जीप बी. तुमास्नी ठावं हाय.”

“बाई मरंल, भिवाजी.”

“मला समजतंय. पन माझ्यासमोर अर्ज हाय. ह्यात फुरसं लिवायला रकाना न्हाई.”

बारा रकाने त्याने तोंडपाठ केले होते. एका माणसाला लागेल असा एकही त्यांत नाही, हे त्याच्या आता ध्यानात आले.

मग भिवाजी म्हणाला, “शत्रूचा रकाना हाय.”

तानूबाई डोळे मिटून पुटपुटत होती. मेंढरे पाण्यावर कोणी नेली का, असे ती विचारत होती.

“मंग लिवा,” कुशाबा म्हणाला.

“शत्रूची संख्या?”

“एक.”

“आला कुटून?”

“दगडाखालनं.”

“भूमिगत मार्गाने,” भिवाजी लिहिताना मोठ्याने म्हणाला. “वेष?”

“मातकट. पाठीवर पांढरी नक्षी.”

“परिसराशी मिळताजुळता. वर पांढरी चिन्हे. उंची?”

“उभा ऱ्हात न्हाई त्यो.”

“सरपटत पुढे सरकतो. शस्त्र?”

“दात.”

भिवाजी म्हणाला, “‘दात’ लिवलं तर साहेब वाचायचं थांबतील.”

“ईख लिवा.”

“विषारी,” भिवाजी म्हणाला. “हल्ला?”

“क्येला.”

“जखमी?”

“बाई येक.”

“नागरिक स्त्री एक, गंभीर. मदत काय पाहिजे?”

“डाक्टर! भिवाजी, डाक्टर!”

“वैद्यकीय, तातडीची. आता शत्रूची सद्यःस्थिती.”

“त्यो मेला की. सावळानं ठेचला.”

“हा रकाना मी आत्ता मोकळा ठेवतो,” भिवाजी म्हणाला. “भरला तर जीप निघायची न्हाई.”

या संभाषणातील एकही शब्द खोटा नव्हता, हे चौकशीत पुढे तीन सह्यांनिशी मान्य झाले. किंबहुना मंडळाच्या इतिहासात बाराच्या बारा रकाने (एक सोडून) खरेपणाने भरलेला हा पहिलाच अर्ज होता.

पौडला हैबतरावांनी तो वाचला. भूमिगत मार्ग. परिसराशी मिळताजुळता वेष. सरपटत पुढे सरकतो. विषारी. त्यांची टोपी सरळ होती, तरी त्यांनी ती सरळ केली. अकरा वर्षे ज्याची वाट पाहिली तो अखेर आला होता, आणि तोही त्यांच्या कारकिर्दीत. त्यांनी ताबडतोब मुख्यालयाला कळवले: ‘शत्रूशी संपर्क. विषारी अस्त्राचा वापर. प्रतिहल्ल्यास निघत आहे.’ आठ स्वयंसेवकांना लाठ्या दिल्या, सर्वांच्या नाकांवर ओली फडकी बांधली, आणि रकान्यात ‘वैद्यकीय’ असे लिहिले असल्याने डॉक्टरलाही उचलून जीपमध्ये घातले. अर्ज पाच प्रतींत होता. चौथी प्रत वैद्यकीय विभागासाठी, म्हणून भिवाजीने ती डॉक्टरच्या हातात दिली. तिच्या पाठीवर पेन्सिलीने एकच शब्द होता: ‘फुरसं’. डॉक्टरने तो वाचला, घडी करून खिशात घातला आणि धावत जाऊन लसीच्या कुप्या घेऊन आला. जीपमध्ये तो कोणाशी काही बोलला नाही. त्याने फक्त, जरा जोरात हाका, असे दोनदा म्हटले.

पौड ते कासार आंबोली हे अंतर मंडळाने सतरा मिनिटांत कापले. हा विक्रम पुढे कधी मोडला गेला नाही. (तसा प्रसंगच आला नाही.)

जीप थांबण्याआधीच डॉक्टरने उडी मारली. तानूबाईच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते आणि दंड कोपराच्या वर सुजला होता. डॉक्टरने गुडघ्यावर बसून सुई काढली. सावळा बायकोचा दुसरा हात धरून बसला होता. त्याने तो पुढचे चार तास सोडला नाही.

इकडे हैबतराव नाकावरचे फडके सांभाळत अंगणाच्या मधोमध उभे राहिले. आठ स्वयंसेवक आठ दिशांना तोंडे करून उभे होते. एकाच्या अंगावर तारेवरून ओले लुगडे पडले, तेव्हा तो मोठ्याने ओरडला.

“शत्रू कोठे आहे?” हैबतरावांनी विचारले.

कुशाबाने टाचा जुळवल्या. सावळाने खूण म्हणून काठीवर आणलेले फुरसे पडवीच्या कडेला पडले होते. कुशाबाने तिकडे हात केला.

हैबतरावांनी फुरशाकडे पाहिले. मग कुशाबाकडे. मग पुन्हा फुरशाकडे. फुरसे खरोखर मातकट होते, पाठीवर पांढरी नक्षी होती, आणि ते उभे नव्हते.

“कुशाबा,” ते म्हणाले, आणि त्यांची छापील मराठी गळून पडली, “आरं, म्या पुन्याला कळवलंय की रं!”

“म्या खरं त्येच सांगितलं, सायेब.”

“त्येच तर!” हैबतराव मटकन ओट्यावर बसले. “खोटं सांगितलं असतंस तर तुला धरता तरी आलं असतं.”

त्यांचा राग खरा होता, भीतीही खरी होती. पण पडवीत बाई कण्हत होती, डॉक्टर घामाने भिजला होता, आणि रंभाबाईने कोणाला न विचारता त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला होता. त्यांनी फडके खाली केले आणि पाणी प्यायले. मग जरा वेळाने विचारले, “बाई वाचंल का, डाक्टर?”

“वाचेल,” डॉक्टर मान वर न करता म्हणाला. “बैलगाडीने आणली असती तर सांगता आलं नसतं.”

दुपारी चारच्या सुमारास तानूबाईचे रक्त थांबले. तिने डोळे उघडले, भोवती आठ लाठीधारी नाकाला फडकी बांधून उभे पाहिले आणि सावळाला म्हणाली, “मला न्ह्यायला आल्यात व्हय?”

“न्हाई गं,” सावळा म्हणाला. “ही फौज हाय. तुझ्यापायी आलीय.”

“मंग कुनीतरी मेंढरं पाण्याव न्ह्या,” तानूबाई म्हणाली, आणि स्वयंसेवकांपैकी दोघे गेले.

एकदा शत्रू आला असे कळवल्यावर तो आला नाही असे कळवण्यास मंडळाच्या पद्धतीत वाव नव्हता. हैबतरावांनी फुरसे बरणीत घातले, स्पिरिट ओतले, मोहोर लावली आणि पुण्याला पाठवले. मुख्यालयाने उलट टपाली कैद्याचे राष्ट्रीयत्व विचारले. हैबतरावांनी तीन दिवस विचार करून लिहिले: ‘मूळ रहिवासी, कासार आंबोली.’ त्यावर चौकशी समिती नेमण्याखेरीज मुख्यालयापुढे मार्ग उरला नाही.

समितीत तीन सभासद होते. त्यांनी आंबोलीच्या शाळेत दोन दिवस मुक्काम केला. पहिला दिवस फुरसे ‘शत्रू’ या व्याख्येत बसते काय, यावर गेला. मंडळाच्या घटनेत ‘जो आपल्या हद्दीत शिरून नागरिकांस इजा करील तो शत्रू’ असे म्हटले होते. फुरसे हद्दीत शिरले नव्हते, ते आधीपासूनच होते. हद्दच नंतर आली होती. यावर बराच खल झाला.

दुसऱ्या दिवशी कुशाबाला बोलावले. तो बिल्ला लावून आला.

“वेष मातकट, पाठीवर नक्षी, असं तुम्ही सांगितलंत?” अध्यक्षांनी विचारले.

“व्हय सायेब.”

“ते खरं होतं?”

“बरणीत हाय सायेब. बगा की.”

“परंतु ऐकणाराचा गैरसमज होईल, हे तुम्हाला ठाऊक होतं?”

कुशाबा म्हणाला, “सायेब, ब्रह्मदेशात येकदा तार तुटली. मी जोडाया ग्येलो. बाजूला येक गोरा सायेब पडला हुता, पायात गोळी. म्या तार जोडली आन पैला फोन त्येच्यासाठी क्येला. तिकडच्यानं इचारलं न्हाई, कंच्या रकान्यात लिवू. ‘कुटं हाय त्यो?’ येवढंच इचारलं.” तो पुढे म्हणाला, “मला वाटलं, यंत्र सुदारलंय, तर आता त्येच्याहून बेस चालत आसंल.”

समितीने हे उत्तर नोंदवले नाही, कारण तो प्रश्न विचारलेला नव्हता. भिवाजीची साक्ष चार शब्दांची झाली: “ऐकलं ते लिहिलं, साहेब.” पेन्सिलीच्या शब्दाबद्दल डॉक्टरला विचारले, तेव्हा कागद धुण्यात गेल्याचे त्याने सांगितले.

अहवाल एकशे अठरा पानांचा झाला. सारांश असा: कुशाबा निर्दोष, कारण तो खरे बोलला. भिवाजी निर्दोष, कारण त्याने ऐकले ते लिहिले. हैबतराव निर्दोष, कारण त्यांनी वाचले तसे केले. फुरसे मृत. सबब दोष यंत्राचा आहे. सदर यंत्रात खालच्या टोकाच्या माणसास बोलता येते, ही त्यातली मूलभूत उणीव असून, पूर्वीच्या दोन्ही सुधारणांत ती नजरचुकीने राहून गेली आहे. (एक बाई वाचल्याचा उल्लेख परिशिष्ट ‘ड’ मध्ये, ‘इतर परिणाम’ या सदराखाली, लसीच्या खर्ची पडलेल्या कुप्यांबरोबर आहे.)

आंबोलीला डॉक्टर द्यावा, असा अर्ज गावाने केला होता. त्याऐवजी चौसष्टच्या चैत्रात चौथा टेलिफोन आला. दिसायला अतिशय सुबक, हातात मावेल असा. त्याला बोलण्याची बाजू नव्हती. दांडाही नव्हता. वरून जे सांगायचे ते सांगितले जाई, खाली ते ऐकू येई. चुकीचा संदेश वर जाण्याचा धोका कायमचा मिटला, आणि बारा रकान्यांचे अर्जही वाचले.

हैबतराव या वेळी उद्घाटनाला आले नाहीत. यंत्र भिवाजी सायकलवर घेऊन आला. दोघांनी मिळून ते पडवीत बसवले. जाताना भिवाजी म्हणाला, “आता माझ्याकडं बी ऐकायचं यंत्र न्हाई, कुशाबा. नुसतं बोलायचं.” त्याला आणखी काही म्हणायचे असावे, पण तो सायकलवर बसला.

पहिल्या दिवशी सकाळी ठीक सात वाजता यंत्रातून एक भारदस्त आवाज आला. सर्वत्र सुस्थिती आहे. नागरिकांनी दक्ष राहावे. धान्य जपून वापरावे. कुशाबा आदराने कान लावून बसला होता. संपल्यावर तो सवयीने म्हणाला, “व्हय सायेब. पन हितली विहीर आटलीया.”

“कुनाशी बोलताय?” आतून रंभाबाईने विचारले.

कुशाबाने रिसीव्हर जागेवर ठेवला. पुढे काही दिवसांत तो ऐकल्यावर गप्प बसायला शिकला, आणि मग ऐकणेही विसरला. यंत्र बोलत राही, तो ओट्यावर विडी ओढत राही. जत्रेला जाताना सावळा आणि तानूबाई कधी पडवीत टेकत. आवाज ऐकून तानूबाई एकदा म्हणाली, “किती ग्वाड बोलतो त्यो. त्येला कुनी फुरसं दावलं पायजे.”

या चौथ्या यंत्राची ही हकिकत ऐकून आमचे पुण्यातले मित्र खो खो हसले. नुसते वरून बोलणारे, खालचे काही न ऐकणारे यंत्र कोणी शहाणा माणूस घरात ठेवील काय, असे ते म्हणाले. खेडेगावातच हे चालायचे, म्हणाले. मग घड्याळाकडे पाहून ते घाईने उठले, कारण सात वाजत आले होते. दिवाणखान्यात गेले, कोपऱ्यातल्या तिवईवरच्या पेटीवरचा भरतकामाचा रुमाल अलगद बाजूला केला आणि बटण फिरवले. आम्ही सगळे आपापल्या खुर्च्या जवळ ओढून आकाशवाणीच्या बातम्या ऐकू लागलो. मधेच त्यांच्या मुलाने काही विचारले, त्याला सर्वांनी एकदम गप्प केले. आपल्याकडे ती पेटी कोणी लादलेली नाही. आपण पोस्टात रांगेत उभे राहून तिचा परवाना काढलेला आहे.